ब्रेकवरचा पाय

१

छावणी ओलांडून पडेगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला गॅरेजांची ओळ सुरू होते. कुणी फक्त क्लच करतो, कुणी फक्त स्प्रिंगचे पाटे बदलतो, कुणी पत्रा ठोकून रंग मारतो. त्या ओळीच्या टोकाला हिमांशूचं पत्र्याचं शेड. हिमांशू गाडीच्या एकाच अवयवाला हात लावायचा. डोक्याला. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं आणि कधी सोडायचं हे ठरवणारा कॉम्प्युटर डॅशबोर्डच्या मागे एका चपट्या डबीत बसवलेला असतो. तो बिघडला की बाकीचे मिस्त्री हात वर करायचे आणि गाडी ओढत हिमांशूकडे आणायचे.

नव्या गाड्या त्याच्याकडे येत नसत. यायच्या त्या जुन्या व्हॅन, वापरून वापरून चोथा झालेल्या. दुधाच्या, मंडपवाल्यांच्या, शाळेच्या. त्यांत शाळेच्या सगळ्यांत वाईट. दूधवाला गाडीची थोडी तरी काळजी घेतो, कारण कॅन सांडलं तर नुकसान त्याचं होतं.

अशा व्हॅनला नवी डबी मिळत नाही, मिळाली तर मालक घेत नाही. मग भंगारात गेलेल्या दुसऱ्या व्हॅनची काढून बसवतात. आणि व्हॅन भंगारात जाते ती बहुतेक वेळा आपटून. म्हणजे हिमांशूच्या टेबलावर येणारी निम्मीअधिक डोकी मेलेल्या गाड्यांची असत. त्यांच्यासाठी त्याच्या उस्तादाने त्याला एक नियम घालून दिला होता. आधी पुसायचं, मग बघायचं. कारण बिघाड झाला त्या क्षणाचं चित्र ही डबी धरून ठेवते. गाडीचा वेग काय होता, ऍक्सिलरेटर किती दाबला होता, ब्रेकवर पाय होता की नव्हता, सगळं. ते न बघता पुसून टाकलं की माणूस मोकळा. जे बघितलंच नाही त्याबद्दल पोलीस, वकील, विमावाले, कुणी काय विचारणार?

हिमांशूचे वडील अनंतराव कोर्टात कारकून होते. खरं सांगायला आलेल्या माणसाचं तिथे काय होतं हे त्यांनी नोकरीभर पाहिलेलं. मुलाचा हा नियम ऐकून ते एवढंच म्हणाले होते, "उस्ताद शहाणा दिसतो तुझा."

आप्पासाहेब आले ते भर सकाळी, पांढऱ्या कपड्यांत. गंगापूरकडे त्यांचा ऊस, शहरात आणि तालुक्यांत शाळांना लावलेल्या व्हॅन आणि सणासुदीला चौकाचौकात त्यांचा फोटो. त्यांची एक पिवळी व्हॅन शेडमध्ये आधीच उभी होती.

"काय इंजिनियर, उठती का म्हातारी?"

"डबीत पाणी गेलंय. दुसरी बघावी लागेल."

"बघायची कशाला, आणलीय ना." त्यांनी गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानाची पिशवी टेबलावर ठेवली. "आपल्याच गाडीची हाय. ती सोयगावची."

पिशवीत घातलेला हात हिमांशूने तसाच ठेवला. सोयगावची म्हणजे कुठली ते त्याला माहीत होतं, जिल्ह्याला माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात सोयगावकडे उतरणाऱ्या घाटात आप्पासाहेबांची व्हॅन कठडा तोडून खाली गेली होती. शाळेची चार लेकरं गेली. चालक मोतीराम गेला. दुसऱ्या दिवशी पेपरांत मथळा आला, मद्यधुंद चालकाने चार कोवळे जीव घेतले. मोतीराम प्यायला होता हे पेपरांना कुणी सांगितलं, ते कुणी विचारलं नाही. व्हॅनचे ब्रेक शेवटचे कधी उघडले होते, तेही कुणी विचारलं नाही. गाडीला तंदुरुस्तीचा दाखला होता. कागद तंदुरुस्त होता. त्यामुळे विषय संपला.

"पोलिसांकडे नव्हती का ती गाडी?"

"पंचनामा झाला, सुटली. सांगाडा भंगारवाल्याला दिला, डोकं म्हटलं आपल्याला कामी येईल." आप्पासाहेब हसले. "ड्रायव्हरचं डोकं ठिकाणावर नव्हतं, गाडीचं व्हतं."

टेबलाशी उभा असलेला हिमांशूही हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं असतं.

"गुरुवारी शाळा सुटायच्या आत गाडी पाहिजे," आप्पासाहेब जाताना म्हणाले.

२

पुसायच्या आधी तो बघायला बसला, ती चूक त्याची एकट्याची. तशी त्याला सबब होती. जुन्या व्हॅनच्या किल्लीची ओळख नव्या डबीला पटवावी लागते, आणि त्यासाठी डबीतली किल्लीची माहिती आधी वाचावी लागते. पण किल्लीचं पान वेगळं आणि त्या क्षणाचं पान वेगळं. दुसरं पान उघडायचं काहीच कारण नव्हतं. बोटाने ते उघडलं.

डबी टेबलावर होती. वीज द्यायला आणि स्कॅनरशी बोलायला म्हणून चार वायरी जोडलेल्या. स्कॅनरच्या पडद्यावर ओळी आल्या. वेग, घाटाच्या उताराला शोभणार नाही एवढा. ऍक्सिलरेटर, शून्य. आणि ब्रेकच्या ओळीपुढे हिरवा ठिपका.

ब्रेकचा पेडल दाबला की त्या ठिकाणचा ठिपका हिरवा भरतो. पाय काढला की रिकामं वर्तुळ उरतं.

म्हणजे मोतीरामचा पाय ब्रेकवर होता. दारू प्यालेला माणूस ऍक्सिलरेटर दाबतो, नाहीतर झोपतो. हा माणूस ब्रेक दाबून बसला होता आणि गाडी पळत होती. याचा अर्थ काय होतो हे त्या रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजात विचारा. पाइप फुटलेला असतो, नाहीतर ऑइल संपलेलं असतं, नाहीतर लायनिंग घासून पत्रा उरलेला असतो. यांतलं काहीच चालकाच्या हातात नसतं. ते मालकाच्या हातात असतं.

हिमांशूने ते पान बंद केलं आणि चालू स्थितीचं पान उघडलं. आत्ता या घडीला डबीला काय कळतंय ते तिथे दिसतं. काहीच कळायला नको होतं. व्हॅन नाही, इंजिन नाही, पेडल नाही.

ठिपका हिरवा होता.

मग रिकामा झाला. मग हिरवा. मग रिकामा.

त्याने मनाशी समजूत घातली. मोकळी वायर कुठूनही करंट पकडते. शेजारी वेल्डिंगचं दुकान, त्याचा तो खेळ. वेल्डिंगवाला चहाला जाईपर्यंत तो थांबला. शेजारचा आवाज थांबला, आणि हिमांशूच्या टेबलावरचा बारीक आवाज ऐकू यायला लागला. डबीच्या पोटातला. टक्. टक्. मग टक्-टक्-टक्, घाईघाईने.

त्याने मोकळ्या पिना चिकटपट्टीने झाकल्या. आवाज चालूच.

वेगाच्या ओळीत आकडे चढत होते. डबी टेबलावर पडून होती आणि तिच्या मते ती उतारावर होती. आधी एक लांब दाब. मग सोडला. परत दाबला. मग भराभर, पंप मारल्यासारखा. ब्रेक लागत नाही असं कळलं की प्रत्येक चालकाचा पाय तेच करतो, कुणी शिकवावं लागत नाही. शेवटी एक दाब, जो सुटलाच नाही. मग सगळ्या ओळींत शून्य.

थोडी उसंत. आणि पुन्हा पहिल्यापासून.

हिमांशूने वायर उपटली. त्याचा स्वतःचा उजवा पाय टेबलाखाली जमिनीत रुतवल्यासारखा दाबलेला होता. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं.

३

दुसऱ्या दिवशी शेडच्या तोंडाशी एक बाई येऊन उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. अंगात शाळेच्या व्हॅनवरच्या मावश्यांना देतात तो निळा कोट, त्याच्यावर पदर घट्ट ओढलेला.

"भाऊ, ही पिवळी आमचीच गाडी. मी असते हिच्यावर, लेकरायला चढवा-उतरवायला. कवा हुईल?"

"गुरुवारी."

ती गेली नाही. "भाऊ, सोयगावच्या गाडीची डबी तुमच्याकडं आलीय म्हणं."

"कोण म्हणालं?"

"आप्पासाहेबाचे डायव्हर बोलत व्हते. त्या डबीत समदं कळतंय म्हणं."

"तुमचं काय काम त्या गाडीशी?"

"मोतीराम माझे मालक," ती म्हणाली. "मी द्वारकाबाई."

हिमांशूने हातातला पाना खाली ठेवला. तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"गावात हापशावर गेले का बाया माझी कळशी लाथाडत्यात. मी काय बोलू त्यायला? लेकरं गेली त्यांची. चारी लेकरं माझ्या दारात खेळलेली. मी म्हणत नाय का आम्हाला चांगलं म्हणा. मला बाकी काय नको. त्यांचा पाय ब्रेकवर व्हता का नव्हता, तेवढं सांगा. व्हता म्हणले तर मी जाऊन सांगीन त्यायला. नव्हता म्हणले तर..." ती थांबली. "तर मंग त्या लाथाडत्यात तेच बरोबर."

"प्यायचे का ते?"

"सुपारीसुदीक खात नव्हते. अन् गाडी चालवायची ती अनवाणी. चपला सीटखाली. लोक हसायचे. म्हणायचे, पायाला कळतं गाडी काय म्हणतीय ते, मधी चप्पल काहून पाहिजे." पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं. "दवाखान्यात मी त्यायला पायावरूनच वळखलं. वर काय राहिलं नव्हतं. उजव्या अंगठ्याचं नख काळं. जॅक पडला व्हता त्याच्यावर."

हिमांशूला एक वाक्य बोलायचं होतं. होता, बाई, पाय ब्रेकवर होता. बस. ते त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं.

"उद्या या," तो म्हणाला. "बघून सांगतो."

ती वळल्यावर त्याने आप्पासाहेबांना फोन लावला. का लावला, याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. गिऱ्हाईकाची वस्तू आहे, त्याला विचारायला नको?

"आली व्हती का? येणारच," आप्पासाहेब म्हणाले. "मीच ठेवलीय तिला कामावर. डोळ्यासमोर असलेली बरी. तुम्ही बघितलं काय त्यात?"

"थोडं."

"काय दिसलं, ते मला सांगू नका." पलीकडे कुणाला तरी चहा सांगितल्याचा आवाज आला. "इंजिनियर, तुम्हाला खोटं बोलायला लावत नाय मी. शिकलेली माणसं तुम्ही. आधी मशीन पुसा अन् मंग तिला मशीन दाखवा. जे दिसंल ते दिसंल. त्यात खोटं काय हाय?"

हिमांशूने डबी टेबलाच्या कडेपासून आत सरकवली.

"तुमचं शेड आमच्या धाकट्याच्या जागेत हाय, नाय का? सहज आठवलं."

पुसायला काहीच लागत नाही. एक बटण. यंत्र एकदा विचारतं, नक्की पुसायचं का? होय म्हटलं की एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते. ती भरत असताना डबीतून घाईघाईचे टक्-टक्-टक् आवाज आले, आत्तापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा वेगाने. मग एकदम शांत. शेडमध्ये इतकी शांतता होती की पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याची नखं ऐकू आली.

द्वारकाबाई सकाळी आली तेव्हा त्याने तिला टेबलाशी बोलावलं. तिच्याशी तो अतिशय नीट वागला. पडदा पुसून तिच्याकडे वळवला. बोट ठेवून दाखवलं.

"ही ओळ ब्रेकची. पाय असता तर इथे हिरवा ठिपका दिसला असता. बघा, कोरा आहे."

"कोरा म्हंजी?"

"म्हणजे नव्हता."

तिने वाकून पाहिलं. रिकाम्या वर्तुळावर बोट टेकवलं, जसं लहान लेकराच्या कपाळावर टेकवतात.

"मशीन चुकतं का कधी?"

"मशीन कशाला चुकेल? मी माझ्या मनाचं सांगत नाही, मावशी. मशीनमध्ये जे दिसतं तेच मी सांगतो."

"व्हय," ती म्हणाली. "माणसानं तेच करावं."

तिला रडू फुटेल असं त्याला वाटलं होतं. रडली असती तर त्याने पाणी दिलं असतं, आणि पाणी देणाऱ्या माणसाला जे वाटतं ते त्याला वाटलं असतं. ती रडली नाही. कोटाची बटणं लावत बसथांब्याकडे चालती झाली.

४

डबी त्याने त्याच दुपारी व्हॅनमध्ये बसवली. बसवताना बॉनेटखालची ब्रेक ऑइलची बाटली त्याच्या नजरेस पडली. ऑइल खुणेच्या बरंच खाली होतं आणि जे होतं ते डांबरासारखं काळं. हिमांशूने झाकण परत लावलं. ब्रेक हे त्याचं काम नव्हतं. ते ब्रेकवाल्याचं काम, आणि ब्रेकवाल्याकडे गाडी न्यायची की नाही ते मालकाचं काम. या गावात प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. म्हणूनच तर घाटात कुणाचाच दोष निघत नाही.

किल्ली फिरवली. पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणला, इंजिनाने एक आचका दिला आणि ते लागलं. घड्याळासारखं. हिमांशूने ते बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि स्कॅनर घेऊन टेबलाशी आला.

व्हॅनच्या मागची भिंत लाल झाली.

शेडमध्ये दुपारीही अंधारच असायचा, त्यामुळे तो लाल उजेड ठळक दिसला. मग विझला. मग पुन्हा लाल. व्हॅनच्या मागचे ब्रेकचे दिवे. गाडीत कुणी नव्हतं. दारं बंद होती, काचांतून पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं.

स्विच अडकलाय, त्याने मनाशी म्हटलं. जुन्या गाड्यांत होतं असं. त्याने जाऊन ब्रेकच्या दिव्यांचा फ्यूज काढला. भिंत काळी झाली. त्याचं त्यालाच बरं वाटलं. कारण सापडलं होतं. कारण सापडलं की माणूस चहा सांगतो. त्यानेही बाहेर तोंड काढून चहा सांगितला.

तेवढ्यात मागे आवाज झाला. धप्.

स्प्रिंगची करकर. पुन्हा धप्. मग धप्-धप्-धप्.

हा दिव्याचा खेळ नव्हता. हा पेडलचा आवाज होता, आणि हिमांशूला तो पाठ होता, कारण टेबलावर त्याने तो आधी ऐकला होता. तोच लांब दाब, तीच घाई. तो व्हॅनला वळसा घालून चालकाच्या दाराशी गेला. काचेला हात लावून आत वाकला. पेडल खाली गेलेला होता, तळाला टेकलेला. तो बघत असतानाच वर यायला लागला, हळूहळू, एखाद्याने थकून पाय उचलावा तसा.

पेडलच्या रबरावर धूळ होती. धुळीत उमटलेला ठसा पायाच्या अंगठ्याचा होता.

चहावाला ग्लास ठेवून गेला. हिमांशूने दार उघडलं, कापडाने रबर पुसलं, सीटवर बसून ब्रेक स्वतः दाबून पाहिला. घट्ट लागत होता. बूट घातलेल्या पायाला बाकी काही कळत नव्हतं. मग त्याने फ्यूज परत बसवला, स्कॅनर जोडला आणि पुन्हा दाबला. मागची भिंत लाल झाली, पण पडद्यावरचा ठिपका कोराच राहिला. दोनदा, तीनदा दाबला. दिवे लागत होते. डबीला मात्र ब्रेकचा पत्ता नव्हता.

वायर तुटली असेल. शोधायला अर्धा दिवस गेला असता. इंजिनाला त्याने फरक पडत नाही. गाडी चालू होते, बंद होते, लेकरं बसतात, उतरतात. हिमांशूने तसंच राहू दिलं.

५

जुन्या व्हॅनची ट्रायल सपाटीवर घेऊन भागत नाही. इंजिन ओझ्याखाली चुकतं की नाही ते चढावरच कळतं, आणि पडेगावच्या ओळीतली सगळी गॅरेजं त्यासाठी दौलताबादच्या घाटात जातात. खालच्या दगडी दरवाज्यातून, जिथे एका वेळी एकच गाडी जाते, वर चढायचं आणि वळून परत यायचं. ओझं म्हणून वाळूच्या गोण्या.

गुरुवारी सकाळी हिमांशूने लेकरांच्या बाकांवर गोण्या ठेवल्या. एकेका जागेवर एकेक. बाकांच्या पाठीवर फुलपाखरांचे स्टिकर होते, अर्धे नखांनी खरवडलेले. गोण्या बसवून झाल्यावर त्याने आरशात पाहिलं आणि लगेच नजर काढली.

द्वारकाबाई आली होती. ट्रायल झाली की गाडी इथूनच शाळेला जाणार होती.

"मावशी, चला घाटातून येऊ," तो म्हणाला. "स्कॅनर धरायला कुणीतरी लागतं."

कधीच कुणी लागत नसे. स्कॅनर तो शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधायचा. पण आज त्या गाडीत एकट्याने बसायची त्याची तयारी नव्हती, आणि हे कुणाला सांगायचीही नव्हती. द्वारकाबाई पुढे बसली, यंत्र मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं.

"त्याच ओळी हायेत का ह्या?"

"त्याच. तुम्ही नुसतं माझ्याकडे वळवून धरा."

शरणापूर फाट्यापर्यंत गाडी सुरेख चालली. रस्त्यातले छोटे ब्रेक नीट लागले. हिमांशूला बोलावंसं वाटायला लागलं. गावाला कधी जाता, घरी कोण असतं. ती हो-नाही करत होती.

"काल एसटीनं जाऊन आले. मी सांगितलं गावात," मध्येच ती म्हणाली.

"काय?"

"त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता, तेच. मशीननं सांगितलं म्हणून. हापशावर सगळ्यांच्या म्होरं सांगितलं. माझी सासू उठून आत गेली. आता माझ्याशी बोलत नाय."

हिमांशूने गियर बदलला. दगडी दरवाजा आला, तो हळूच त्यातून निघाला आणि चढ सुरू झाला. इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. वेग, पेट्रोल, गरमी, सगळे आकडे जागच्या जागी. त्या डबीने जन्मात एवढं चांगलं काम केलं नसेल. वर पोहोचल्यावर त्याने गाडी वळवली. "झालं, मावशी. पास," तो म्हणाला.

उतारावरच्या पहिल्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबायला पाय उचलला, तेव्हा पेडल आधीच खाली होता.

पाय पेडलवर पडला नाही. पेडलच्या आधी कशावर तरी पडला. बुटाच्या तळव्याखाली काहीतरी उंचवटा होता, आणि तो हलत होता. वर, खाली. वर, खाली. हिमांशूने सगळं वजन टाकलं. खालचा तो उंचवटाही त्याच्यासोबत दाबत होता, जिवाच्या आकांताने. दोघंही दाबत होते आणि गाडी पळत होती.

त्याने दुसऱ्या गियरकडे हात टाकला. दांडा खुळखुळत नुसताच फिरला. हँडब्रेक ओढला, तो दोरी तुटल्यासारखा हातात आला. वळण गेलं. मागे गोण्या एका बाजूला कलंडल्या, एकदम, सगळ्या मिळून, जशी लेकरं कलंडतात.

त्याने खाली पाहिलं. एकदाच. बुटाच्या आड जेवढं दिसलं तेवढंच. एक उघडी टाच, भेगाळलेली. पुढे अंगठा. अंगठ्याचं नख काळं.

"मावशी," तो म्हणाला. आवाज त्याचा त्याला ओळखू आला नाही. "ब्रेक दाबलाय मी. पूर्ण दाबलाय. बघा. माझा पाय बघा."

द्वारकाबाईने वाकून पाहिलं. त्याच्या पायाकडे ती बराच वेळ पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसं काहीतरी तिथे येऊन गेलं. मग ती सरळ बसली, मांडीवरचं यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"ठिपका बघा. हिरवा आहे ना? सांगा, हिरवा आहे ना?"

समोर, उताराच्या तळाशी, दगडी दरवाजा दिसायला लागला होता. एका गाडीपुरता. त्याच्या तोंडाशी पलीकडून येणारी एक पिवळी व्हॅन थांबली होती, यांना वाट द्यायला. तिच्या काचांतून छोटे छोटे हात बाहेर आले होते.

"कोरा हाय, भाऊ," द्वारकाबाई म्हणाली.

"अहो, मी दाबलाय. तुम्ही आत्ता बघितलंत."

"बघितलं ना." तिने पदर सारखा केला आणि यंत्र परत मांडीवर ठेवलं, पडदा वर. "पण मी माझ्या मनाचं कशाला सांगू? मशीनमधी जे दिसतं तेच सांगीन."